एदोची बाहेरची चूल

श्रोतेहो, वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून दारूच्या दुकानाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे थोडे धाडसच आहे. वेदान्त, शिवकाल आणि अर्थकारण ह्यांना सरावलेल्या ह्या मंडपात आम्ही हा विषय घेऊन उभे राहिलो, तेव्हा पुढच्या रांगेतील काही वडीलधारी मंडळी आमच्याकडे कोणत्या नजरेने पाहत आहेत, ते इथून स्पष्ट दिसते आहे. त्यांच्या समाधानासाठी आरंभीच सांगून टाकतो की, त्या दुकानात आम्ही बसलो तो थंडगार ऊलाँग चहा पीत. प्यायले ते आमचे मित्र, आणि तेही बेताने.

गोष्ट अशी झाली. दोन-तीन वर्षांपूर्वी ऐन कार्तिकात आम्ही टोकियोस गेलो होतो. आमचे एक शाळासोबती तिथे पस्तीसएक वर्षे राहतात. यंत्रविद्या शिकून ते तिकडे गेले, तिथल्याच एका बाईंशी लग्न केले, यथाकाल निवृत्त झाले, आणि पत्नी निवर्तल्यापासून दोन खोल्यांत एकटेच असतात. आमची साहजिकच अपेक्षा अशी की, इतक्या लांबून आलेल्या मित्राला हे पहिल्या रात्री घरी जेवू घालतील. निदान पिठले-भात तरी होईल. पण गृहस्थ स्टेशनाबाहेर भेटले ते आम्हांला थेट एका बोळात घेऊन गेले. खरे सांगावयाचे तर आमच्या मनाला ते लागले. घर असताना पाहुण्याला हॉटेलात नेणे हे आपल्याकडे फारसे गौरवाचे मानीत नाहीत.

बोळ एवढा अरुंद की, समोरून सायकल आली तर अंग चोरून भिंतीला टेकावे. दारावर कागदाचा तांबडा कंदील, आणि पडदा म्हणून वरून नुसत्या दोऱ्या लोंबत सोडलेल्या. त्या हाताने बाजूला सारून आत शिरलो. एक लांब लाकडी ओटा. ओट्याच्या अलीकडे आठ बैठकी. पलीकडे चूल, आणि चुलीपाशी सत्तरी ओलांडलेले मालक. त्यांची पत्नी भांडी विसळीत होती. दोघांनी एकदम "इराश्शाइमासे" म्हणून हाळी दिली, म्हणजे "यावे, यावे". हात पुसावयास ऊन ऊन ओला पंचा मिळाला. पाठोपाठ न मागता एक वाटी पुढे आली. तीत तीळ कुटून लावलेली पालेभाजी. पाहुणचार म्हणून आम्ही मान लववली. मित्र हसून म्हणाले, "अरे, हिचे पैसे पडतात. ओतोशी म्हणतात हिला. बसल्याचे भाडे समज."

आम्ही शाकाहारी असल्याचे त्यांनी मालकांना समजावून सांगितले. मालकांनी विस्तवावर वांगे भाजले, सोलले, वर आले किसून घातले आणि नेहमीचा सुक्या मासळीचा कीस आठवणीने वगळला. थेट आपल्या भरिताचा वास! तेवढ्यात मित्रांच्या पेल्यातले साके संपले. कुपी हाताशी असूनही त्यांनी ती उचलली नाही, आणि आम्ही आपले वांगे खात बसलो. शेवटी शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याने हात लांबवून त्यांचा पेला भरला आणि आमच्याकडे एक कटाक्ष टाकला. मागाहून कळले की, सोबतच्या माणसाचा पेला रिकामा दिसू लागला की तो आपण भरावयाचा असतो. चारचौघांत आपला पेला आपणच भरून घेणे रीतीला धरून नसते.

त्या रात्री आणखी दोन गोष्टी कळल्या. पहिली अशी की, येत्या मार्चअखेर हे दुकान बंद व्हावयाचे होते. मालकांचे गुडघे गेलेले, आणि मुलगा दूरच्या शहरात नोकरीला. दुकान पुढे चालवणारे कोणी नाही. दुसरी गोष्ट आम्ही विचारली म्हणून कळली. "घरी का नाही नेलेस?" असे आम्ही विचारले, तेव्हा मित्र म्हणाले, "अरे, घरी गॅस आहे, भांडी आहेत, सगळे आहे. पण एकट्यासाठी काही पेटवावेसे वाटत नाही. चार वर्षे मी इथेच जेवतो. तुला घरीच आणले आहे असे समज."

ह्या उत्तराने आमचा रुसवा गेला, पण एक प्रश्न मात्र मागे राहिला. असली दुकाने मुळात कुणासाठी निघाली? त्याचे उत्तर शोधू गेलो, तर चारशे वर्षे मागे जावे लागले.

टोकियोचे जुने नाव एदो. १५९० साली तोकुगावा इएयासू तिथे आला, तेव्हा ते खाडीकाठचे एक सामान्य गाव होते. १६०३ मध्ये तो शोगुन झाला आणि देशाची सत्ता एदोत आली. १६३५ साली त्याच्या नातवाने, इएमित्सूने, असा नियम घातला की, प्रत्येक सरदाराने आळीपाळीने काही काळ एदोत आणि काही काळ आपल्या मुलखात राहावे, आणि बायकामुले मात्र कायम एदोत ठेवावीत. सरदारांना मुठीत ठेवण्याचा हा उपाय होता. मुत्सद्देगिरीच्या दृष्टीने त्याचे पुष्कळ वर्णन झाले आहे. आमच्या विषयापुरते महत्त्वाचे एवढेच की, सरदाराची बायकामुले एदोत असली तरी त्याच्याबरोबर येणाऱ्या शेकडो शिपायांची आणि नोकरांची बायकामुले गावाकडेच राहत. त्यांच्यामागोमाग सुतार, गवंडी, हमाल, पालखीचे भोई, दुकानांतली पोरे असा मोठा लोंढा कामासाठी शहरात आला. तोही बहुतेक सडाफटिंग पुरुषांचा. १७२१ च्या गणनेत एदोचे नुसते नगरजन, म्हणजे सामुराई आणि मठवासी वगळून, सुमारे ५ लाख भरले. त्यांत दर शंभर बायकांमागे सुमारे १८० पुरुष होते. शिपाईगड्यांची गर्दी त्याहून वेगळी.

ही माणसे राहत कुठे? नागाया नावाच्या लांबच लांब लाकडी चाळींत. तिथली सर्वांत साधी खोली ९ फूट रुंद आणि १२ फूट खोल, आणि त्यातच दाराशी चूल. जळण महाग, पाणी बाहेरून आणावयाचे. आणि सबंध शहर लाकडाचे, तेव्हा ठिणगीची धास्ती रात्रंदिवस. ती धास्ती उगाच नव्हती. १६५७ च्या मार्चात जी आग लागली, तिने दोन-तीन दिवसांत अर्ध्याहून अधिक एदो जाळून टाकले. मेलेल्यांचा आकडा एक लाखापर्यंत सांगतात. मेइरेकीची आग म्हणून ती प्रसिद्ध आहे.

जळालेले शहर पुन्हा उभारावयाचे म्हणजे हजारो कारागीर हवेत, आणि कारागिरांना दुपारी जेवण हवे. असे सांगतात की, ह्या आगीनंतर आसाकुसाच्या देवळाच्या महाद्वारापाशी काही दुकानांनी चहाच्या पाण्यात शिजवलेला भात, त्याबरोबर टोफूचे सार आणि उकडलेली कडधान्ये असे ताट विकावयास आरंभ केला. बसून पोटभर जेवण्याचे एदोतले ते पहिले दुकान. एदोच्या खाद्यजीवनाच्या इतिहासात आगी पुन:पुन्हा येतात, त्याचे मूळ इथे आहे. घराघरांतली चूल विझली की रस्त्यावरची चूल पेटे.

आता इझाकाया ह्या शब्दाकडे येऊ. 'इ' म्हणजे असणे, बसून राहणे. 'झाका' हे साके शब्दाचेच समासातले रूप. 'या' म्हणजे दुकान. बसून राहावयाचे साकेचे दुकान, असा सरळ अर्थ. आरंभी साकेची दुकाने आपल्या तेलाच्या दुकानांसारखीच होती. गिऱ्हाइकाने भांडे न्यावे, मापाने माल घ्यावा आणि घरी जावे. पण ज्याला घर म्हणून काही नाही, त्याने माल घेऊन जावे कुठे? तो तिथेच उभ्याउभ्या पिऊ लागला, मग दाराशी बसू लागला. बसलेल्याला काहीतरी खावयास लागते म्हणून दुकानदाराने उकडलेले कंद ठेवले, टोफू ठेवला. अशा रीतीने गिऱ्हाइकाने दुकान बदलले.

ह्या बदलात कांदा भागातल्या एका दुकानाचे नाव आवर्जून सांगितले पाहिजे. तोशिमाया हे दुकान १५९६ साली कामाकुरागाशी नावाच्या धक्क्यावर निघाले. एदोच्या गढीच्या बांधकामाचे दगड तिथे उतरत, त्यामुळे धक्क्यावर मजुरांची सदैव वर्दळ. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, १७३६ च्या सुमारास, दुकानाच्या मालकांनी एक अजब गोष्ट केली. साके पडत्या भावाने, म्हणजे जवळजवळ खरेदीच्याच किमतीला, विकावयास काढले. आणि जोडीला देंगाकू, म्हणजे काडीला टोचून, मिसो चोपडून भाजलेला टोफू, तोही इतरांपेक्षा मोठ्या तुकड्याचा, दोन मोनला एक ह्या भावाने ठेवला. मोन म्हणजे त्या काळचे तांब्याचे नाणे. हमाल, गाडीवान, भोई ह्यांची ही झुंबड उडाली. शेजारचे दुकानदार म्हणाले असतील, ह्या वाण्याला वेड लागले. पण वाणी पक्का होता. त्याचा नफा साकेत नव्हताच. तो होता रिकाम्या पिंपांत! साके यावयाचे ते देवदाराच्या पिंपांतून, आणि मिसो व सोया करणाऱ्यांना ती पिंपे हवीच असत. जितके साके लवकर खपेल तितकी पिंपे लवकर रिकामी. रॉकेलच्या रिकाम्या डब्याला आपल्याकडे एके काळी काय मोल होते, हे ज्यांना आठवते त्यांना हा हिशेब समजावून सांगावयास नको. तोशिमाया आजही साके विकते.

पिंपांतले साके चांगले यावयाचे ते पश्चिमेकडून, इतामी आणि नादा ह्या गावांहून. खास पिंपांसाठी बांधलेली गलबते ते एदोला आणीत. दरसाल लक्षावधी पिंपे येत. हे साके बारमास कोमट करून पीत. चिरोरी नावाच्या धातूच्या भांड्यात घालून ते भांडे ऊन पाण्यात ठेवावयाचे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जपानी ऐतिहासिक चित्रपटांत सामुराई टेबलाशी बसून साके पीत असल्याचे दाखवतात. ते खरे नव्हे. त्या काळच्या चित्रांत टेबल नाही. गिऱ्हाईक लाकडी बाकावर किंवा उंच केलेल्या तक्तपोशीवर बसे, आणि थाळी व भांडे आपल्याच शेजारी बाकावर ठेवी. जागा अपुरी, त्यामुळे अनोळखी माणसे गुडघ्याला गुडघा लावून बसत. ही बारीकशी गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडच्या पंगतीत कोण कुणाशेजारी बसावयाचे, हे पान मांडण्यापूर्वीच ठरलेले असे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला, त्यांत रानडे होते, टिळक होते. त्या चहावरून केवढे ग्रामण्य माजले! एदोचा समाजही जन्मावरून उतरंड लावणाराच होता, ह्याबद्दल कोणी भ्रमात राहू नये. पण त्या बाकावर भोई आणि हलक्या दर्जाचा शिपाई एकमेकांशेजारी बसू शकत, आणि उठून गेल्यावर त्यांना कोणी प्रायश्चित्त देत नसे.

मुंबईच्या गिरणगावाशी एदोचे साम्य मात्र विलक्षण आहे. कोकणातले आणि घाटावरचे गडी बायकामुलांना गावी ठेवून आले, एकेका खोलीत दहा-दहा जण राहिले, आणि त्यांच्यासाठी बायाबापड्यांनी खानावळी चालवल्या. गिरणगावातल्या ह्याच बायांना १९७५ साली प्रेमाताई पुरव ह्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. फरक एवढाच की, खानावळीत महिन्याचे गिऱ्हाईक असे, आणि ते बहुधा गाववाले. इझाकायात कुणीही यावे आणि कुणाशेजारीही बसावे.

सरकारला हे रुचणे शक्य नव्हते. खाण्यापिण्यावर लोक उधळपट्टी करतात, गर्दीत कुजबूज होते, आगीचे भय वाढते, अशी कारणे पुढे आली. १८०४ साली शोगुनच्या अधिकाऱ्यांनी एदोतली खाण्याची दुकाने मोजली; ती सहा हजारांच्या थोडी वर भरली. पाच वर्षांत ती सहा हजारांवर आणावीत, नवा परवाना देऊ नये, असा हुकूम सुटला. पण दोन वर्षांतच, १८०६ मध्ये, पुन्हा एक मोठी आग लागून शहराचा मोठा भाग जळाला, आणि घरदार गेलेल्यांना पोट भरावयास दुसरा मार्ग नव्हता. काहींनी दुकाने काढली, बाकीचे तिथे जेवू लागले. १८११ च्या मोजणीत दुकाने साडेसात हजारांवर गेली होती! त्यांत शिजवलेले अन्न व साके एकत्र विकणारी, म्हणजे खरीखुरी इझाकाया, १,८०८ होती. पुढे १८४१ ते १८४३ ह्या काळात मिझुनो तादाकुनी ह्या मंत्र्याने काटकसरीचा कडक अंमल बसवला, पण तो स्वतःच पदावरून गेला आणि दुकाने राहिली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एदोतल्या बायका आणि पुरुष ह्यांचे प्रमाण जवळपास बरोबरीला आले. म्हणजे ज्या कारणासाठी ही दुकाने निघाली, ते कारण बरेचसे सरले. तरी दुकाने सरली नाहीत. आमचा समज असा की, दोन शतकांत लोकांना नुसत्या अन्नाची नव्हे, तर शेजारच्या बैठकीची सवय झाली होती.

१८६८ साली शोगुनशाही गेली, एदोचे टोकियो झाले. पुढचा काळ झपाट्याचा आहे आणि त्याची हकीकतही आम्ही झपाट्यानेच सांगतो. १८७२ मध्ये सम्राटांनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले, आणि मांसाच्या ऊन हंड्यांची दुकाने ही सुधारणेची खूण ठरली. १८९९ साली गिंझा भागात येबिसू बिअरचे दालन उघडले. आसाकुसात कामिया देम्बेई ह्या व्यापाऱ्याने १८८० मध्ये मद्याचे दुकान काढले होते. त्यात ब्रँडीच्या मिश्रणाला त्याने 'देन्की ब्रान', म्हणजे विजेची ब्रँडी, असे नाव दिले, कारण त्या दिवसांत जे जे नवे ते ते विजेचे. १९१२ मध्ये त्या दुकानाचे कामिया बार झाले. १९२१ ची त्याची इमारत १९२३ च्या भूकंपातून वाचली, महायुद्धातल्या बाँबफेकीतून वाचली, आणि अजून उभी आहे. बार हा शब्द जपान्यांनी असा घरचा करून घेतला.

ह्याच काळात एका भारतीयाला टोकियोतल्या एका दुकानाने आसरा दिला, ती हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. १९१२ मध्ये दिल्लीस व्हाइसरॉय हार्डिंग ह्यांच्यावर बाँब पडला, त्या कटातले रासबिहारी बोस १९१५ साली जपानात निसटले. इंग्रजांच्या दडपणाखाली जपान सरकारने त्यांना देशाबाहेर घालवण्याचे ठरवले, तेव्हा शिंजुकूतल्या नाकामुराया ह्या पाव-मिठाईच्या दुकानाचे मालक सोमा आइझो आणि त्यांची पत्नी कोक्को ह्यांनी बोसांना आपल्या दुकानामागच्या घरात लपवले. पुढे त्यांची मुलगी तोशिको हिने बोसांशी लग्न केले. १९२५ मध्ये ती वारली. १९२७ साली नाकामुरायाने गिऱ्हाइकांसाठी खाण्याची जागा उघडली, तेव्हा बोसांनी तिथे खऱ्या हिंदी पद्धतीची कोंबडीची करी सुरू करवली. इंग्रजांमार्फत जपानात आलेली पिठाळ करी त्यांना सोसवत नव्हती. बोस १९४५ च्या जानेवारीत गेले. स्वराज्य पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांची करी मात्र तिथे आजही मिळते.

आता युद्धाचा काळ. १९४४ च्या मार्चात सरकारने चैनीची म्हणून भोजनगृहे आणि बार बंद करविले. पण दोन महिन्यांच्या आतच त्याच सरकारला टोकियोत 'राष्ट्रीय मद्यगृहे' उघडावी लागली. कारखान्यांतले कामगार दिवसभर राबून बाहेर पडत, आणि त्यांना बसावयास जागाच उरली नव्हती. माणशी एक बाटली बिअर किंवा एक गो, म्हणजे सुमारे १८० मिलिलिटर, साके; त्यासाठी रांगा लागत. जे बंद केले तेच मंत्र्यांना स्वतःच्या हाताने चालवावे लागले, ह्याहून मोठी कबुली कोणती?

१५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानने शरणागती पत्करली. शहर पुन्हा एकदा जळून गेले होते. पाचव्याच दिवशी, २० ऑगस्टला, शिंजुकू स्टेशनाबाहेर उघड्यावर बाजार भरला. तांदूळ, साखर, मांस सगळे नियंत्रणाखाली. म्हणून ज्यावर नियंत्रण नाही त्यावर लोकांचे लक्ष गेले. गुरा-डुकरांची आतडी आणि काळीज काडीला टोचून निखाऱ्यावर भाजावयाचे, आणि बरोबर कासुतोरी नावाची कडक गावठी दारू. काही ठिकाणी औद्योगिक मद्यार्क मिसळलेली दारूही विकली गेली. तिने माणसे आंधळी झाली, मेली. त्या बोळांकडे आज प्रवासी कौतुकाने पाहतात, पण त्यांची सुरुवात अशी भुकेची आणि विषाची आहे, हे विसरून चालणार नाही. १९४७ च्या जुलैत धान्य वाचवण्यासाठी सरकारने काही अपवाद सोडून सगळी खाण्याची दुकाने बंद केली; तेव्हा पुढचे दार लागले आणि मागचे उघडले. १९४९ मध्ये दुकानांना पुन्हा मोकळीक मिळू लागली. त्याच वर्षी रस्त्यावरच्या टपऱ्या हटवण्याचा आदेश निघाला, आणि हटवलेले लोक थोडे आत सरकून चिमुकल्या खोल्यांत शिरले. शिंजुकूतली गोल्डन गाय म्हणून प्रसिद्ध असलेली वस्ती अशाच विस्थापितांची. तिथे आज दोनशेहून अधिक मद्यगृहे आहेत, आणि पुष्कळांत सात-आठ माणसे बसली की आठव्याने श्वास घ्यावयास बाहेर जावे!

समृद्धी आली, तशा इझाकायांच्या साखळ्या निघाल्या. त्यांतल्या त्सुबोहाची ह्या नावाची मौज अशी की, १९७३ साली साप्पोरोत निघालेल्या पहिल्या दुकानाची जागा आठ त्सुबो, म्हणजे २८० चौरस फुटांच्या आसपास होती. 'हाची' म्हणजे आठ. चित्रे छापलेली पदार्थपत्रिका आली, आणि पूर्वी क्वचितच दिसणाऱ्या स्त्रिया मैत्रिणींसह येऊ लागल्या. हे चांगलेच झाले. पण साखळीच्या दुकानात गिऱ्हाइकाचे नाव कोणाला ठाऊक नसते, एवढी तक्रार आम्ही नोंदवून ठेवतो.

२०२० मध्ये महामारी आली. दुकाने रात्री आठाला बंद करा, अशी विनंती झाली. २०२१ च्या एप्रिलात टोकियोत मद्य वाढूच नका, असे सांगण्यात आले. 'मोकुशोकू', म्हणजे मौनाने जेवणे, हा शब्द भिंतींवर लागला. साथीच्या दृष्टीने ते योग्यच असेल. परंतु ज्यांचे दिवसातले एकमेव बोलणे त्या ओट्याशी होत असे, त्यांचे त्या दिवसांत काय झाले असेल? २०२० च्याच जपानी जनगणनेत दर शंभर कुटुंबांपैकी अडतीस कुटुंबे एकेकट्या माणसांची निघाली. एदोच्या चाळीतला एकटा माणूस तरुण होता, गावाहून आलेला होता, आणि त्याला परतावयाची आशा होती. आजचा एकटा पुष्कळदा म्हातारा आहे, आणि तो ज्याच्या ओट्याशी जेवतो तो मालकही म्हाताराच.

हे सगळे त्या रात्री आम्हांला ठाऊक नव्हते. आम्ही वांगे संपवले, मीठ लावून भाजलेला भाताचा गोळा खाल्ला, आणि शिकवलेल्या रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी कुपी धरून मित्रांचा पेला भरला. शेजारच्या म्हाताऱ्याने मान डोलावली. भिंतीवरच्या फळीवर बाटल्यांची रांग होती, आणि प्रत्येकीच्या गळ्यात गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी. एकीवर आमच्या मित्रांचे नाव होते, जपानी लिपीत. बाटली अर्धीअधिक भरलेली होती.

"मार्चपर्यंत संपेल का?" आम्ही विचारले.

"मी एकटा प्यायलो तर नाही," ते म्हणाले. "म्हणूनच रोज कुणालातरी घेऊन येतो."

पैसे त्यांनी दिले. आम्हांला देऊ दिले नाहीत. वर बक्षिशी ठेवावी म्हणून आम्ही खिशात हात घातला, तोही त्यांनी धरला. तिथे ती चाल नाही. बाहेर पडलो तेव्हा दहा वाजून गेले होते. मालकांच्या पत्नी आमच्यामागोमाग आल्या, स्टुलावर चढल्या आणि दारावरचा दोऱ्यांचा पडदा काठीसकट उतरवून आत घेऊन गेल्या. पडदा आत गेला की दुकान मिटले, असे तिथे समजतात. मग कंदील विझला. बोळाच्या तोंडापर्यंत मित्र काही बोलले नाहीत, तिथे त्यांनी विचारले, "उद्या संध्याकाळी काय करतोयस?"

दुसऱ्या दिवशीही आम्ही तिथेच जेवलो.